हरताळाच्या दिवशी पिंप चालू होतं

भोईवाड्यात माझ्या आत्याची लाँड्री आहे, मी तिच्याकडेच राहते. लाँड्री म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत मोरी आणि ते कपडे सुकवायचं विजेचं यंत्र. कोणी गोरा साहेब मायदेशी परतताना सामान विकत होता, त्यातून आत्याच्या यजमानांनी ते आणलं. यजमान गेले, यंत्र राहिलं. आत्या त्याला पिंप म्हणते, कारण आत पिंपच फिरतं. परळच्या एका सूतिकागृहाचे कपडे आत्याकडे येतात ते या पिंपामुळे. बाळंतिणींच्या चादरी, दुपटी, लंगोट रोज लागतात आणि रोज कोरडे लागतात. आत्याचं हेच एक बारमाही काम. बाकी लोक आज येतात, उद्या घरीच धुतात.

गेल्या आषाढात पिंपाने दगा दिला. चालू केलं की जरा वेळ तापायचं, मग नुसतं गरगर फिरायचं. कपडे बाहेर काढावेत तर गार आणि ओलसर. आत्याने ते चाळीच्या गॅलरीत दांड्यांवर टाकले. पण आषाढात त्या दांड्यांवर अख्ख्या मजल्याची लुगडी आधीच लोंबत असतात आणि आठवडाभर वाळत नाहीत. दुपट्यांना कुबट वास आला. सूतिकागृहाच्या मेट्रनबाईंनी गाठोडं उघडलं, नाकाशी नेलं आणि तसंच बांधून परत पाठवलं. सोबत निरोप, की परवा संध्याकाळपर्यंत कोरडे कपडे आले नाहीत तर दादरच्या लाँड्रीला सांगू.

चाळीतल्या वायरमनने यंत्र आधीच बघून ठेवलं होतं. "थर्मोस्टॅट गेलाय," तो म्हणाला होता. "उष्णता पुरी झाली की वीज तोडायची आणि गार झालं की परत जोडायची, एवढंच त्याचं काम. हा एकदा तोडतो आणि रुसून बसतो." बदलून देतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सत्याग्रहात पकडला गेला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागितला म्हणून हे सरकार वायरमनला आत टाकतं आणि सूतिकागृहातली दुपटी ओली राहतात. याचा जाब कोणाला विचारायचा?

दुसऱ्या दिवशी मीच यंत्राचा मागचा पत्रा उघडला. मेन स्विच बंद केला, दोन तारा सोडवल्या आणि कोटाच्या बटणाएवढी ती चकती काढून रुमालात बांधली. तिच्यावरचे आकडे पार पुसून गेले होते. ट्रामने लोहार चाळीत गेले. तिथे विजेच्या सामानाची रांगेने दुकानं आहेत, आणि भर दुपारी रांगेने सगळी बंद होत होती. एकच शेठ अर्ध्या ओढलेल्या शटरखाली उभा होता.

"शेठ, याच्यासारखा थर्मोस्टॅट द्या."

"उद्या हरताळ छे, बेन."

"हरताळ उद्या आहे. आज दुकान उघडं ठेवायला कोणी ना म्हटलंय?"

त्याने शेजारच्या खांबाकडे बोट केलं. खांबावर आमच्या गटाचं हरताळाचं पत्रक होतं. त्याची खळ अजून ओली होती. "तुमचे लोक लिहितात उद्या, पण दगड आदल्या दिवशी येते. मागच्या वेळेला माझी काच गेली."

"आमच्या माणसाने दगड मारलेला नाही."

"दगडावर नाव नसते, बेन."

मला राग आला. मी रुमाल सोडून चकती दाखवली, सूतिकागृहाचं सांगितलं. तो आत गेला, खोके उपसले आणि शटरखालून एक चकती पुढे केली. आकार तोच, तारांच्या जागा त्याच. "यंत्र काय छे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "लाँड्रीचं." तो म्हणाला, "बराबर, लाँड्रीचाच आहे," आणि शटर खाली आलं.

घरी येऊन चकती बसवली. पहिल्या खेपेला आत्याने थोडे लंगोट टाकले. पिंप तापलं, आणखी तापलं, थांबेचना. मी स्विच बंद करून दार उघडलं तर लंगोट पापडासारखे कडक, एकाची कड तांबूस. तेव्हा डोक्यात उजेड पडला. लाँड्रीचा म्हणजे शेठने इस्त्रीचा समजून दिला होता. इस्त्रीला जेवढी आच लागते तेवढी झाल्याशिवाय ही चकती वीज तोडणार नव्हती. बदलून आणायला जावं तर उद्या सगळं बंद. आणि ते बंद राहावं म्हणून मी तीन रात्री खळ लावत फिरले होते.

"मग आता गो?" आत्याने विचारलं.

"आता मीच थर्मोस्टॅट."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मंडळी नायगावहून मोर्चा काढणार होती. पुढच्या रांगेत मी असणार होते. त्याऐवजी मी मागच्या खोलीत स्टुलावर बसले. एक हात पिंपाच्या पत्र्यावर, दुसरा स्विचवर. पत्रा हाताला सोसेनासा झाला की बंद, कोमट झाला की चालू. असं काम करायला माणूस लागू नये म्हणून तर कोणीतरी ती चकती शोधून काढली ना?

थोड्या वेळाने दारावर थापा पडल्या. आमच्याच गटातला पोरगा होता. पत्रकं छापून आणणारा, चहाच्या पेल्यावर माझ्याशी वाद घालणारा.

"आत यंत्र कोण चालवतंय? हरताळ आहे, बंद करा."

मी दार किलकिलं केलं.

"तू?" तो म्हणाला. "मला वाटलं तू मोर्चाला गेलीस. अगं, लोक मला विचारतायत, तुमच्या पत्रकवालीच्या घरातून घरघर कसली येतेय."

"बाळंतिणींचे कपडे आहेत रे."

"दूध आणि दवाखाने वगळले आहेत. तूच लिहिलंस. लाँड्री कुठे लिहिलीस?"

"दवाखान्याचेच कपडे आहेत हे."

"मग तसं लिहायचं. आता मी लोकांना काय सांगू, मजकुरात दुरुस्ती आहे म्हणून?"

आत्या मागून पुढे आली. "तुझ्या वैनीचं बाळंतपण झालं ते त्याच सूतिकागृहात ना रे? तिच्या चादरी कोणी धुतल्या? तुझ्या मोर्चानं?"

तो दाराशी सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आवाज तरी बाहेर येऊ देऊ नका, आत्याबाई." आणि गेला. आम्ही दाराखिडक्यांवर गोधड्या टांगल्या. आत वाफ कोंडली, जीव घुसमटला. मी घामाने निथळत होते आणि मनातल्या मनात सरकारपासून शेठपर्यंत सगळ्यांवर पत्रकं लिहीत होते.

दुपारी मोर्चा गल्ल्यागल्ल्यांतून फिरत चाळीवरून गेला. गोधड्यांतूनसुद्धा ऐकू येत होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं बाहेरून आलं आणि "झालाच पाहिजे" मी आतून ओरडले. परत आलं, परत ओरडले. ओरडताना पत्र्यावरचा हात वर गेला आणि वरच राहिला.

"अगो, जळतंय," आत्या म्हणाली.

एका चादरीवर मधोमध भाकरीएवढा तपकिरी डाग पडला होता. आत्याने चादर घडी घालून वेगळी ठेवली आणि पुढची खेप आत टाकली. त्यानंतर मी तोंड मिटून बसले. मोर्चा गेला तो माझ्याशिवाय गेला.

संध्याकाळी गाठोडी मेणकापडात बांधून डोक्यावरून परळला नेली. मेट्रनबाईंनी पहिलं गाठोडं सोडलं, एक दुपटं गालाला लावलं, दुसरं लावलं. मग आत्याने स्वतःच ती डागाळलेली चादर पुढे केली. "ही बिघडली. यंत्राचा भाग चुकीचा मिळालाय."

मेट्रनबाईंनी डाग बघितला, मग माझा तळहात बघितला. तो लालबुंद झाला होता. "आणि आजचं काम केलंत कसं?"

"हिनं हातानं," आत्या म्हणाली.

"हरताळातली माणसं तुम्ही, मला वाटलं आज येणारच नाही." त्यांनी चादर खाली टाकली. "ही फरशी पुसायला घेते. भरून द्यावी लागेल."

"दादरला सांगितलंत का?" आत्याने विचारलं.

"दादरची लाँड्री आज बंद होती."

एवढं म्हणून त्यांनी आयाबाईला हाक मारली. ती कोपऱ्यातून दिवसभराच्या कपड्यांचं गाठोडं ओढत घेऊन आली. ते ओलं होतं, जड होतं, आणि मेट्रनबाई म्हणाल्या, "सकाळी नऊपर्यंत."

लोहार चाळ दहाला उघडते. मी आत्याकडे बघितलं. ती हसत होती, आणि मला म्हणाली, "उचल."