वारा थांबेपर्यंत

आमची पोस्ट सोळा हजार फुटांच्या वर होती. मी हुद्द्याने नायक, कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. मूळ गाव एकोडी, तालुका साकोली. आता तिथेच धानाची शेती करतो. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी हवेचा अंदाज पाहतात तो धान कापायचं की चार दिवस थांबायचं हे ठरवायला. पोस्टवर त्याच अंदाजावर माणसं हलायची. दर सोमवारी सकाळी बटालियन मुख्यालय रेडिओवर आठवड्याचा अंदाज सांगायचं. तो उतरवून कंपनी कमांडर मेजर साहेबांना वाचून दाखवणं ही माझी ड्युटी. एरवी बर्फ वितळवून पाणी करायचं, रॉकेलची शेगडी, बुखारी, पेटती ठेवायची, बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोपायचं.

त्या सोमवारचा अंदाज असा होता. मंगळवारी दुपारपर्यंत आकाश साफ. त्यानंतर वारा वाढेल. बुधवार ते शनिवार जोराचा वारा, थंडी उणे पंचवीसच्या खाली. हेलिकॉप्टर उडणार नाही.

साहेब म्हणाले, "मंगलवार दोपहर के बाद कोई बाहर नहीं जाएगा."

मंगळवारी सकाळी वरच्या पोस्टवरून कॉल आला. तिथल्या एका लान्स नायकाच्या छातीत पाणी झालं होतं. रेडिओवरसुद्धा त्याची घरघर ऐकू येत होती. उंचीवरची ही बिमारी अशी की माणसाला खाली उतरवलं नाही तर तो मरतो. वर हेलिकॉप्टर उतरायला जागा नव्हती. आमच्याकडे हेलिपॅड होतं आणि ऑक्सिजन होता. साहेबांनी अंदाज पुन्हा वाचायला सांगितला. मग त्याला आणायला पार्टी पाठवली.

पार्टीत हवालदार शिंदे आणि पाच जवान. शिंदे साताऱ्याचे. जवानांत एक शिपाई विलास दोनाडकर, लाखांदूरकडचा. भंडारा जिल्ह्याचे कंपनीत आम्ही दोघंच. आम्ही आमच्या बोलीत बोलायला लागलो की बाकीचे हसायचे. विलास अंगाने सगळ्यांत दणकट होता. निघताना मी त्याच्या छातीला रेडिओ सेट बांधून दिला. हातात मोठे मोजे असल्यामुळे बटण हनुवटीने दाबायचं.

"दादा, चहा ठेवजो," तो म्हणाला.

ते वर पोचले, आजाऱ्याला स्ट्रेचरला बांधलं आणि परत फिरले. वारा दुपारनंतर येणार होता. तो अकरालाच आला.

आमच्या पोस्टच्या अगदी वरचा उतार खडा होता. स्ट्रेचर तिथून दोराने खाली सोडावं लागायचं. एकाने वर बसून पाय रोवायचे, दोर कमरेभोवती घ्यायचा आणि थोडा थोडा सोडायचा. ते काम विलासने केलं. बाकीचे पाच जण स्ट्रेचर धरून खाली उतरले. आजारी माणूस आत आला, त्याला ऑक्सिजन लागला. विलासने मागून एकट्याने यायचं होतं.

शिंदे माझ्याकडे आले. "विलास मागं दिसत नाही. बोलव त्याला."

मी सेट घेतला. "विलास, दोर सोड, खाली ये. ओव्हर."

आधी नुसता वारा. मग तो. "दादा, हात उघडत नाई."

"बसल्या बसल्या सरक."

"पाय कुठं हायत, मले समजत नाई."

"आमी येऊन राह्यलो. बोलत राह्य."

"हो," तो म्हणाला.

पुढे मी हाका मारत राहिलो. उत्तर आलं नाही.

शिंदे तीन जवान घेऊन दोनदा वर गेले. दोन्ही वेळा वाऱ्याने त्यांना मागे लोटलं. दुसऱ्या वेळी एका जवानाच्या हाताची बोटं थंडीने गेली. तिसऱ्यांदा साहेबांनी थांबवलं. "एक के लिए चार नहीं दूँगा." शिंदेंनी सलाम केला आणि बाहेर जाऊन उताराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना दोघांनी धरून आत आणलं.

बुधवारी सकाळी वारा थोडा वेळ पडला तेव्हा विलासला आणलं. तो बसलेलाच होता. मुठीतून दोर निघेना, म्हणून तो दोरच कापला. रेडिओच्या खोलीला लागून एक रिकामं स्टोअर होतं, त्यात त्याला ठेवलं. तसाच, बसलेला. मधे पत्र्याची एक भिंत. बाहेर वारा सुरू झाला तो अंदाजात सांगितला होता तसाच.

घरी कळवलं गेलं. गुरुवारी त्याचे वडील दयाराम काका सॅटेलाइट फोनवर आले. साहेब म्हणाले, "तुम बात करो. तुम्हारी भाषा समझेंगे."

"बाबू, पोराले कधी आनता?" काकांनी विचारलं.

"वारा थांबला की, काका. शनिवारपर्यंत थांबत नाई म्हणतात."

"मंग ठीक."

शुक्रवारी पुन्हा फोन. "बाबू, इकडंबी थंडी सुटली, आभाळ आलं. धान झडून राह्यलं. लोक म्हनतात कापून घे. पोरगा यायचा हाय, आन् मी धान कापू का?"

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "काटने को बोलो."

"कापा, काका," मी म्हणालो.

रविवारी सकाळी आकाश उघडलं. हेलिकॉप्टर येतंय म्हणून मी काकांना सांगितलं, विलासला घेऊन आज निघतो. पहिल्या फेरीत आजारी लान्स नायक गेला. तेच बरोबर होतं. पुढे तो वाचला. दुसरी फेरी विलासची. आम्ही त्याला हेलिपॅडवर नेऊन ठेवलं. तेवढ्यात ढग आले आणि पायलटने फेरी रद्द केली. त्याला परत स्टोअरमध्ये आणलं. मग फोन मलाच करायचा होता.

"आज नाई जमत, काका."

पलीकडे बायांचं रडणं ऐकू येत होतं. काका म्हणाले, "पाव्हने आले हायत. काय सांगू त्याईले?"



सोमवारी त्याला काढलं. एस्कॉर्ट म्हणून मी सोबत. खाली हॉस्पिटलमध्ये त्याला सरळ करून पेटीत ठेवायला काय करावं लागलं, ते मी पाहिलं. ते लिहिणार नाही. पेटी उघडायची नाही, असा हुकूम मिळाला. नागपूरपर्यंत विमान, पुढे गाडी. भंडाऱ्याअलीकडच्या शहापूरपासून हायवेच्या कडेला लोक उभे होते.

विलासच्या गावात पोचलो तेव्हा काकांच्या शेताच्या बांधीत कापून पसरलेल्या धानाच्या कडपा पाण्यात पडलेल्या होत्या. शेजाऱ्यांनी शुक्रवारी कापून दिलं होतं, शनिवारी पाऊस आला. लोंब्यांना कोंब फुटले होते. काका त्याबद्दल माझ्याशी कधीच एक शब्द बोलले नाहीत.

ते पेटीजवळ आले. "उघड, बाबू."

"हुकूम नाई, काका."

"तू सांगतलं तवढे दिवस थांबलो ना मी?"

मी झाकण उघडलं. चेहरा काळा पडला होता. विलासच्या आईने गालाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"आजून थंडा हाय," ती म्हणाली. "इतके दिवस थंडीतच ठेवला का रे त्याले?"

 ती घरात गेली आणि दुलई घेऊन आली. त्याच्या मानेपर्यंत ओढून दोन्ही बाजूंनी दाबून बसवली, लेकराला झोपवतात तशी.

घाटावर सलामी झाली, बिगुल झाला, तिरंगा घडी करून काकांच्या हातात दिला. सलामीच्या गार्डचे सुभेदार दुलई काढायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला. शिपाई विलास दोनाडकरला आम्ही त्या दुलईसकट अग्नी दिला.