ती स्कोअर बघत नसे

रियाचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करत होते. हातमोजा काढायचा कंटाळा म्हणून पहिल्यांदा घेतलाच नाही. पुन्हा वाजला तेव्हा घेतला. "मावशी, आई इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी फावडं तिथेच टाकलं आणि एका हातात मोजा, दुसरा हात उघडा, अशी गाडीत बसले. सुजाता झोपेतच गेली होती, हृदयविकाराने. जगातल्या प्रत्येकाच्या जिवाची धास्ती घेणाऱ्या या बाईने स्वतःच्या छातीत दुखतंय हे आठवडाभर कुणाला कळू दिलं नव्हतं. रडू येण्याआधी मला तिचा रागच आला... अजूनही येतो.

सुजाता नागपूरची, मी पुण्याची. इकडच्या केंब्रिजला, विलायतेतल्या नव्हे, आमची पहिली भेट झाली ती अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये, ड्रायर कुणी अडवला यावरून भांडताना. भांडण मी जिंकले आणि संध्याकाळी ही डब्यात सांबारवडी, म्हणजे त्यांच्याकडची कोथिंबिरीची वडी, घेऊन माझ्या दारात उभी. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात शाळकरी रिया, आणि इथली फिजिओथेरपीची परीक्षा पास व्हायची धडपड चाललेली. तरी आंबेडकर असोसिएशनच्या जयंतीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडण्यापासून लांबलेलं भाषण आवरायला लावण्यापर्यंत सगळ्यात पुढे तीच. भाषणं वेळेत संपवायला लावणारी माणसं मला मनापासून आवडतात, त्यामुळे मैत्री जमली.

पुढे तिला आमच्या गावच्या आइस हॉकी टीममध्ये थेरपिस्टची नोकरी लागली. पगारी खेळाडूंची टीम, पण खालच्या लीगमधली, आणि त्या लीगमध्येही बहुतेक वर्षी तळाला. सुजाता शेवटपर्यंत स्केटिंग शिकली नाही. कुणी पडला की बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून, एखाद्या धिप्पाड खेळाडूच्या कोपराला लटकून बर्फावरून तुरुतुरु चालत जायची. मोठ्या शहरांच्या टीम आल्या की आमच्या पोरांची धूळधाण ठरलेली. त्यांच्याकडे ताज्या दमाचे, उंच, वेगवान गडी. आमचे निम्मे कुठल्या तरी दुखापतीतून नुकते उठलेले. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, सगळा वेळ आमच्याच गोलकीपरच्या, इथल्या भाषेत गोलीच्या, अंगावर येत असायची. सुजाता मला बेंचच्या मागची तिकिटं द्यायची. मी काचेमागे नखं खात बसायचे आणि मॅच संपल्यावर विचारायचे, "आजही हरलोच ना गं?" ती म्हणायची, "असन. मी कुठे स्कोअर पाहून राहिली होती!"

ती माणसं बघायची. त्यातही गोलीला. त्याची दुखणी चारचौघांत बोलायची नाहीत म्हणून आमच्या बोलण्यात तिने त्याचं नाव ठेवलं होतं बंड्या. मीही इथे तेच ठेवते. डोक्याला मार लागला की या लोकांना काही ठरलेले प्रश्न विचारतात... आज समोर कोण आहे, खेळाच्या तीन पिरियडपैकी कितवा चालू आहे, शेवटचा गोल कुणी केला. पोरं बिलंदर. बाहेर बसलो तर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट जाईल या भीतीने ही उत्तरं सारखी घोकत असतात. म्हणून सुजाता नुसत्या प्रश्नांवर कधी विसंबली नाही. कोण पाणी कसं पितो, कोण बेंचवर कसा टेकतो, हे ती सीझनभर बघून ठेवायची. बंड्याची एक खोड होती. शिट्टी वाजून खेळ थांबला की मागे वळून काठीने गोलचा आधी डावा खांब ठोकायचा, मग उजवा. एकदाही चुकायचा नाही. "शाळेत जाताना देवळाबाहेर थांबणारी पोरं असतात ना, तसं आहे येडं," ती हसून म्हणायची.

मग ती शेवटची मॅच आली. समोर लीगमधली सगळ्यात तगडी टीम. जिंकलो तर प्लेऑफ, हरलो तर मालक टीम विकून टाकणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सुजाताची नोकरीही त्यावरच होती आणि रियाला त्याच वर्षी युनिव्हर्सिटीला जायचं होतं. आणि कधी नव्हे ते आम्ही एका गोलने पुढे होतो! ते लोक येत होते, मारत होते, आणि बंड्या कधी पायाने, कधी छातीने सगळं अडवत होता. दुसऱ्या पिरियडमध्ये त्यांचा एक रेडा घसरत आला आणि त्याचा गुडघा सरळ बंड्याच्या मास्कवर बसला.

बंड्या उठला. सुजाता तुरुतुरु गेली, प्रश्न विचारले, त्याने धडाधड उत्तरं दिली. सगळी बरोबर. ती परत आली, पण बसली नाही. कठड्याला धरून उभीच राहिली. मला तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. खेळ सुरू झाला, शिट्टी वाजली. बंड्या मागे वळला, डावा खांब ठोकला... आणि थांबला. उजव्या खांबाकडे नुसता बघत राहिला. मग पुन्हा डावाच ठोकला. स्टेडियममध्ये हजारो माणसं होती, पण हे फक्त तिने पाहिलं. मलाही ते तिने नंतर सांगितल्यावर कळलं.

ती तडक कोचकडे गेली. "ही इज नॉट गोइंग बॅक इन." कोच ओरडला, "ही आन्सर्ड एव्हरीथिंग!" ती म्हणाली, "आय नो." एवढंच. बंड्याने बेंचजवळ येऊन तिला इंग्रजीतल्या यच्चयावत शिव्या दिल्या, त्या मला काचेपलीकडेही ऐकू आल्या. ती त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवत राहिली. त्याच्या जागी राखीव पोरगा गेला, आणि पुढचं काय सांगायचं! तगडी टीम शेवटी तगडीच. आम्ही सपाटून हरलो.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. क्लीन. बंड्याने डॉक्टरांनाही सांगितलं की मला सगळं लख्ख आठवतंय. उन्हाळ्यात टीम विकली गेली, दुसऱ्या गावाला गेली. रेडिओवर फोन करणाऱ्या लोकांनी सुजाताचा उद्धार केला. ते एक वेळ ठीक, त्यांना दुसरा धंदा नव्हता. पण आपली मराठी माणसं? मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून होणाऱ्या जेवणाला, हातात प्लेट घेऊन येऊन विचारायची, "काय हो सुजाताताई, खेळू द्यायचं ना त्याला! स्कॅन तर क्लीन होता म्हणे." ती हसून पुढच्याला भात वाढायची. मी मात्र दोघांना चांगलंच सुनावलं होतं, आणि त्यातले एक गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे.

स्कॅनमध्ये डोक्याचा असा मार दिसतोच असं नाही, हे तिला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी तिच्या मनातून शंका गेली नाही. एका छोट्या प्लाझात तिने स्वतःचं क्लिनिक उघडलं, कर्ज काढून रियाला शिकवलं. रिया नर्स झाली, तासाभरावरच्या, आमच्या इकडच्याच लंडनला नोकरीला लागली, सगळं मार्गी लागलं. आणि तरी चहा पिता पिता मध्येच सुजाता कप खाली ठेवायची. "त्यानं खांब सहजच ठोकला असन का गं तसा? दमला असन, दुसरं काय. मी चुकली असन का?" मी म्हणायचे, "नाही गं बाई." पण माझ्या 'नाही'ला काय आधार होता? मी बेंचमागे बसून नखं खाणारी बाई. तिला ते कळायचं. ती मान हलवून विषय बदलायची आणि मला आतून तुटायला व्हायचं.

मागच्या शनिवारी रिया आणि मी ते क्लिनिक आवरत होतो. दार ढकलून एक उंच माणूस आत आला, दाढी वाढलेली, आत आल्यावरही डोळ्यांवर गडद चष्मा. मी ओळखलं नाही. रियाने ओळखलं. बंड्या! बातमी त्याला फेसबुकवर कळली होती. बायको बाहेर गाडीत होती, कारण उजेड सहन होत नाही म्हणून तो आता गाडी चालवत नाही. कुठे बसावं हे न कळून तो सुजाताच्या पेशंट तपासायच्या बेडवरच बसला.

मग म्हणाला की त्याला ती मॅच आठवतच नाही. सकाळची प्रॅक्टिस आठवते, आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलची वॉशरूम, आरशासमोर उभा. मधलं सगळं पुसलेलं. तो गुडघा, ती उत्तरं, त्या शिव्या, काही नाही. डॉक्टरांना खोटं सांगितलं, नवीन टीमला खोटं सांगितलं, आणि तिथे पुन्हा डोक्याला लागलं तेव्हा त्याला बाहेर काढणारं कुणी नव्हतं. "इफ शी'ड लेफ्ट मी इन दॅट नाइट..." रियाने विचारलं, "डिड यू एव्हर टेल हर?" तो चष्मा काढून डोळे चोळत राहिला. दरवर्षी फोन करायचं ठरवायचा म्हणे. आईच्या वयाच्या बाईला आपण काय काय बोललो ते लोकांकडून ऐकलं होतं, त्याची लाज वाटायची. मग त्याने मला विचारलं, ती कधी आपल्याबद्दल बोलायची का? खोटं बोलून त्याला मोकळं करावं असं क्षणभर वाटलं. पण मी खरं ते सांगितलं, "ऑल द टाइम." तो रडला. मी त्याला पाणी दिलं, आणि देताना मला त्याचा रागच येत होता, हेही सांगून टाकते.

तो गेल्यावर बेडवर अंथरलेल्या कागदाला त्याच्या वजनाची घडी पडलेली दिसली. पेशंट उठला की सुजाता तो कागद फर्रकन फाडून गुंडाळीतून नवा ओढायची, तिथला एवढाच आवाज मला आठवतो. रियाने फाडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "हू डू वी टेल नाऊ, मावशी?" ती म्हणाली. आम्ही दिवा मालवला आणि कागद तसाच ठेवून निघालो.

घरी येऊन हे लिहायला बसले. हे ज्या पुरवणीत छापून येईल ती इथल्या मराठी घरांत वाचली जाते, त्या पॉटलकला हातात प्लेट घेऊन आलेल्यांच्याही. तेव्हा तुम्हाला सांगते. ती चुकली नव्हती. जिला हे सांगायला हवं होतं, तिच्यापर्यंत ते पोचलं नाही.