सिरिलच्या जागेवर ऑड्री

सप्टेंबर लागला की आमच्या शेजारच्या सिरिल टॉम्पसेटचा पाय घरात ठरत नसे. एरवी माणूस शांत. उभा जन्म बुटांच्या कारखान्यात चामडं कापण्यात गेलेला, त्यामुळे हात स्थिर आणि बोलणं बेताचं. पण काउंटी क्रिकेटचा हंगाम उतरणीला लागला आणि आमचा संघ नेहमीप्रमाणे तळाशी घुटमळू लागला, की तो सकाळीच कुंपणापाशी येऊन उभा राही.

“मे महिन्यातला तो सामना आठवतो, डेरेक? हातातला होता. चहानंतर जरा घाई केली असती तर पावसाच्या आधी संपवला असता.”

“आता त्याचं काय?”

“आता तेच अंगावर येतंय. मे महिन्यात माणूस म्हणतो, अजून खूप सामने आहेत. आता उरलाय एक.”

त्यांच्या घरातून त्याची बायको ऑड्री ओरडे, “त्याला जाऊ दे रे सिरिल, त्याचा टोस्ट गार होतोय.” ऑड्रीला क्रिकेटचं वावडं होतं. लग्नानंतर एकदाच ती मैदानावर गेली होती आणि थंडीने काकडून परतली होती. नवरा रविवारी माळ्यावरचं सामान उगाच खालीवर करू लागला, की ती ओळखायची, आपले लोक हरताहेत.

त्या वर्षी सिरिलच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. जिना चढताना त्याला धाप लागायची. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली होती आणि हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर सुरू होता. सामना हरलो तर खालच्या विभागात जाणार, हे नक्की. अनिर्णित राखला तर आशा होती. मात्र तळाशी आमच्यासोबत असलेला दुसरा संघ त्याचा सामना जिंकता कामा नये. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं मैदानावरून परतलो तेव्हा पाहुण्यांनी धावांचा डोंगर रचला होता. सिरिलच्या घरी फोन वाजत होता. ऑड्रीने घेतला. इस्पितळातून होता: उद्या दाखल व्हा, शुक्रवारी शस्त्रक्रिया.

“सोमवारी जमेल का, विचार ना,” सिरिल दारातूनच म्हणाला.

ऑड्रीने फोनवर हात ठेवला. “सोमवारी काय, मी काळे कपडे घालून येऊ?” मग हात काढून गोड आवाजात म्हणाली, “हो, हो, येतात म्हणताहेत.”

गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्याला भेटायला गेलो. अंगात इस्पितळाचा झगा, आणि हा खिडकीशी उभा राहून आभाळ बघत होता.

“उद्या पाऊस?”

“लख्ख ऊन सांगितलंय,” मी म्हणालो. आमचा दुसरा डाव सुरू झाला होता. जिंकणं शक्य नव्हतं. शेवटचा दिवस, शुक्रवार, अख्खा खेळून काढायचा होता, आणि आमचे फलंदाज ऑगस्टपासून पत्त्यांसारखे कोसळत होते.

“वाटलंच होतं. पाऊस नको तेव्हा येतो.” तो पलंगावर बसला, पुन्हा उठला. “ऑड्री, उद्या तू इथे बाहेर बसून राहू नकोस. डॉक्टर म्हणाले, दुपार उलटेल. तू मैदानावर जा. माझ्या जागेवर बस.”

“माझं डोकं फिरलंय का?”

“जागा रिकामी राहिली तर मला भूल चढणार नाही.”

“तुझ्या जागेने विकेट वाचतात होय रे?”

“आजवर तरी वाचलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “पण मी तिथे होतो. मग घरी येऊन निदान तोंड वर करून बोलता येतं.”

शुक्रवारी सकाळी मात्र विणकाम आणि चहाचा थर्मास घेऊन माझ्या गाडीपाशी उभी होती. “बोलू नकोस,” ती मला म्हणाली.

सकाळीच तीन गडी गेले. ऑड्री विणत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी एक गेला. तिने इस्पितळात फोन केला. अजून आत आहेत, म्हणाले. त्यानंतर विणकाम पिशवीत गेलं ते बाहेर आलं नाही. ती उभी राही, बसे, हातमोजे घाली, काढी.

“हा टकल्या इतका हळू का खेळतो?”

“त्याला तसंच खेळायचंय. धावा नकोत, फक्त बाद व्हायचं नाही.”

“म्हणजे काहीच घडू द्यायचं नाही?”

“काहीच नाही.”

“मग ठीक,” ती म्हणाली. माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. मुठी आवळलेल्या होत्या. काळजी कशाची होती, सिरिलच्या छातीची की त्या टकल्याच्या बॅटची, हे तिलाही वेगळं करून सांगता आलं नसतं.

चहाच्या वेळी तिने पुन्हा फोन केला आणि परत येऊन माझा दंड धरला. “झालं. नीट झालं. झोपलाय.” आता ती घरी जाऊ म्हणेल असं मला वाटलं. पण ती थेट सिरिलच्या जागेवर जाऊन बसली आणि पुढच्याच षटकात उठून सीमारेषेच्या कडेने चालायला लागली. शेवटी आमचा म्हातारा वेगवान गोलंदाज बॅट घेऊन उतरला तेव्हा एकच गडी उरला होता आणि बरीच षटकं बाकी होती. त्याच्या गुडघ्याला पट्टी होती, हंगाम संपला की तो निवृत्त होणार होता. चेंडू त्याच्या अंगठ्यावर बसला, बरगडीवर बसला. तो हलला नाही. पंचांनी खेळ संपवून बेल्स उचलल्या तेव्हा मूठभर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि ऑड्री पलीकडच्या टोकाला अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

गाडीत मी रेडिओ लावला आणि तिथेच फसलो. दुसरा संघ जिंकला होता.

“म्हणजे?” ऑड्रीने विचारलं.

“म्हणजे आपण खाली गेलो.”

सिग्नलपाशी ती म्हणाली, “मग त्या माणसाने इतका मार कशाला खाल्ला?” मी गिअर बदलला. त्या संध्याकाळी सिरिल नळ्यांच्या जंजाळात झोपलेला होता, त्यामुळे त्याला काय सांगायचं हा प्रश्न एक दिवस टळला. परतताना ती म्हणाली, “अनिर्णित म्हणून सांगायचं. पुढचं तो चालायला लागल्यावर.”

शनिवारी दुपारी सिरिल जागा होता. चेहरा मेणासारखा, आवाज खोल गेलेला. शेजारच्या पलंगावर वर्तमानपत्र पडलं होतं, पण त्याने ते मागितलं नव्हतं. परिचारिकेलाही काही विचारलं नव्हतं.

“वाचलो?” त्याने विचारलं.

“डॉक्टर म्हणतात, झडप झकास बसलीय.”

“ते नव्हे गं.”

“अनिर्णित,” ऑड्री म्हणाली.

त्याने डोळे मिटले, उघडले. “आणि तिकडे?”

“तिकडचं मी कुठे विचारत बसू?” ती चादर सारखी करू लागली. ऑड्रीला खोटं कधी जमलं नाही. सिरिलने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

“गेलो ना रे खाली, डेरेक?”

“गेलो.”

त्याची बोटं चादरीवर वळवळत राहिली. मला भीती वाटली, यंत्रावरची रेघ आता उड्या मारणार. पण तो ऑड्रीकडे वळला. “शेवटची जोडी किती वेळ टिकली?”

“खूप वेळ. तो गुडघ्याला पट्टीवाला...” तिने खुर्ची पुढे ओढली. “असं नाही, मधूनच कळणार नाही तुला. आधी तो टकल्या होता. तो बॅट अशी आडवी लावायचा, जसं काही कुत्र्याला दारातून आत येऊ द्यायचं नाहीये.”

“आडवी? त्याने सरळ लावली असेल.”

“तू होतास का तिथे?”

सिरिलने मान उशीवर टेकवली. ती सांगत गेली, सगळी नावं चुकवत, षटकांचा घोळ घालत. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला परिचारिका आली तेव्हा म्हातारा गोलंदाज नुकताच मैदानात उतरला होता.

“जरा थांबा हो,” सिरिल तिला म्हणाला, “अजून एक गडी बाकी आहे.”