बाबांची बारा फुटी डिश

चित्र आलं होतं. मी खोटं बोलले.

बाबा आज सकाळी गेले. सगळ्यांचे फोन उचलणं जमत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. आणि हे कुणाच्या तोंडावर सांगायची हिंमतही नाही माझी.

लालबागच्या आमच्या चाळीत बाबा म्हणजे डिशवाले. त्याआधी मिलमध्ये साचेवाले, कापड विणायच्या मागावर.

संपात मिल गेली ती गेलीच. बरीच वर्षं कुठे कुठे राबून झाल्यावर बाबा हे काम शिकले, गच्चीवर जाळीची बारा फुटी डिश उभी केली आणि घराघरांत केबल नेली.

ते वर डिश हलवायचे. मी खाली टीव्हीसमोर.

चित्र आलं का, म्हणून वरून हाक यायची, "बाय, इलां काय?"

मी गॅलरीत येऊन ओरडायचे, "नाय, मुंग्या!"

पडद्यावर वळवळणाऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या कमी झाल्या की समजायचं, चित्र जवळ आलंय. आम्हा बापलेकीचं निम्मं आयुष्य एवढ्याच बोलण्यात गेलं.

मग मोठी केबल कंपनी आली. बाबांच्या हातचं काम दुसऱ्यांदा गेलं. डिशवर लोक गोधड्या वाळत घालू लागले.

साठी उलटल्यावर त्यांना कळलं, फुकटातली चॅनेल्स आता केयू बँडवर, म्हणजे जास्त बारीक लहरींवर येतात. छोट्या डिशवर. बाबांच्या डोक्यात एकच, मग माझ्या मोठीवर का नाही?

डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, एलएनबी, बदलला. काही नाही.

मग त्यांनी मिलमधलं धागे मोजायचं भिंग काढलं आणि डिशच्या जाळीवर टेकवलं.

"जाळी विरळ आसा. बारीक सूत निसटतां."

सिग्नलला सूत म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खिडकीला लावतात ती बारीक अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणून त्यांनी अख्ख्या डिशला आतून तारेने शिवली. कुठे झोळ नको म्हणून उसवायची, परत शिवायची. भर मे महिन्यात. मिलच्या कापसाने छातीचं आधीच खोकं झालेलं.

मला समजावून सांगायचे, नव्या बॉक्सला मुंग्या नसतात गो. एक तर चित्र, नाय तर निळो पडदो. मधलां काय नाय.

मी हूं हूं करायचे. चाळ हसत होती आणि मला लाज वाटत होती. हो, लाज. छोटी डिश मी ऑफिसजवळच्या दुकानात सांगूनही ठेवली होती.

त्या रविवारी वरून हाक आली. आवाजात धाप होती.

"बाय, इलां काय?"

समोर चित्र होतं. कुठल्याशा बातम्या. काचेसारखं स्वच्छ.

मला फक्त ते खाली यायला हवे होते.

"नाय बाबा. मुंग्याच आहेत."

वर पाना एकदा जाळीवर वाजला.

मग, "बरां."

खाली आले, पाना पिशवीत ठेवला, चहा मागितला. त्यानंतर बाबा गच्चीवर गेले नाहीत. छोटी डिश लागली तेव्हा म्हणाले, बरी आसा.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना वाचवलं.

गेल्या आठवड्यात वाऱ्याने छोटी डिश हलली. टीव्हीवर निळा पडदा. बाबा खाटेवर पडून तिकडेच बघत होते.

"बाय," म्हणाले, "मुंग्या दिसतत काय?"

नव्या बॉक्सला मुंग्या नसतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांना त्या रविवारीच कळलं होतं. चित्र आलंय हेही, आणि पोरीला ते नकोय हेही.

मी उठून औषध आणायला गेले. औषध घरात होतं.

आज विचारणारं कुणी नाही. तरी सांगते.

इलां होतां, बाबा. एकही मुंगी नव्हती.

माफ करा. खाली या आता.