एका बाळंतिणीवर दोघींचं राज्य

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला कोणाला बोलवायचं, हे मी आणि नवऱ्याने एकमेकांशी बोललोच नाही आणि तिथेच घोळ झाला. त्याने पुण्याहून सासूबाईंना बोलावलं, मी डोंबिवलीहून आईला. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आमच्याकडची रीत; पण दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला काय म्हणायचं? दोघी आल्या, दोघींच्या बॅगांत डिंकाचे लाडू.

नेमका तेव्हाच थोरलीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला होता, जोडीने राज्य करणाऱ्या राजांवर. स्पार्टात म्हणे दोन घराण्यांचे दोन राजे एकाच वेळी गादीवर असत. रोममध्ये तर दोन सख्खे भाऊ एकत्र सम्राट झाले.

"अँड देन वन ब्रदर गॉट द अदर किल्ड, मम्मा," ती जेवताना म्हणाली.

समोर दोन्ही आज्या तिला एकदमच भात वाढत होत्या.

मला काळजी होती ती आईची. ती मनाला फार लावून घेते आणि सासूबाई आहेत फटकळ. आई दुखावून परत गेली असती, तर पुन्हा माझ्या घरी आली नसती. त्यातून दोघी इतक्या गोड बोलत होत्या की मला त्याचीच जास्त भीती वाटायची. "तुम्ही करा ना, ताई." "छे, छे, तुम्हीच करा."

बाळ घरी आलं आणि त्याला न्हाऊ घालायची वेळ झाली. आईने बेसन काढलं, सासूबाईंनी मसुराचं पीठ. आता खलास, असं म्हणत मी डोळे मिटले. नवरा मीटिंगचं निमित्त काढून सटकला. शूर माणूस.

बाथरूममधून काहीच आवाज येईना, तेव्हा घाबरून मी टाके सांभाळत दाराशी गेले. आई पाटावर पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ. सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्या उभ्यानेच तांब्याने पाणी घालत होत्या. वाटीत दोन्ही पिठं एकत्र कालवलेली होती.

"सावकाश, ताई, नाकात जाईल."

"कळतं हो मला. तुम्ही मान धरा नीट."

आवाज तोच फटकळ. आईला त्याचं काहीही वाटलं नाही, तिने मान धरली.

मग दोघींना मी दिसले. दोघी एकदमच म्हणाल्या,

"तू कशाला उठलीस? दार लाव, एसीचा वारा येतोय!"

दार लावून मी भिंतीला टेकले आणि रडले, इतकं हलकं वाटलं. थोरली धावत आली.

"आर दे फायटिंग?"

"नाही गं," मी म्हटलं, "दोघी मिळून मला ओरडतायत."