विचारून नाक पुसणाऱ्या बाई

माणसाला माणूस म्हणून वागवायचं वेड लागू शकतं, हे आमच्या शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंना पाहीपर्यंत मला माहीत नव्हतं. देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला, चहूकडून उसानं वेढलेल्या आमच्या वस्तीवर माझ्या घराची आणि अंगणवाडीची भिंत एकच. मी प्राथमिक शाळेत उभा जन्म घसा फोडून निवृत्त झालेला मास्तर; पोरं कशी हाकायची हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत. आणि भिंतीपलीकडून रोज सकाळी आवाज यायचा, "समीर, नाक पुसू का रे तुझं?" समीर नको म्हणाला की बाई थांबायच्या. एकदा तपासणीला आलेल्या मॅडमनी ओठापर्यंत पोचलेल्या त्या शेंबडाकडे बोट दाखवलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "इचारलंय मॅडम. आजून व्हय म्हनला न्हाई." मॅडमनी हे कोणत्या रकान्यात लिहिलं, देव जाणे.

मुलाशी उभ्यानं बोलायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. दिवसभर उकिडवं बसून त्यांच्या साड्या गुडघ्यांवर विरल्या होत्या. झेंडावंदनाला सरपंच आले तेव्हा एक पोरगं बाईंना शेळी व्यायल्याची हकिगत सांगत होतं. "जरा दम धरा, ह्याचं बोलनं व्हायचंय," असं म्हणून बाईंनी सरपंचांना ताटकळत ठेवलं आणि त्या भल्या माणसानं दोन्ही करडांचे रंग मुकाट्यानं ऐकून घेतले. तळहातावर बॉलपेननं त्या शब्द लिहून आणायच्या. कुणाची आई, कुणाची अम्मी, तर लमाणांच्या पोरांची याडी. ज्याच्या घरी जो शब्द, तोच त्याच्याशी बोलताना. हजेरीची तर कमालच. कुणी ओरडायचं, कुणी उडी मारायचं, पायाला पट्टे लावून चालणारा ओंकार जमिनीवर थाप द्यायचा. ही हजेरी आहे की जत्रा, असं मी एकदा खवचटपणे विचारलं. बाई म्हणाल्या, "हजेरी म्हंजे मी हाय, येवढंच सांगायचं गुर्जी. कसं सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं."

एका वर्षी दिवाळीनंतर जामखेडकडून ऊसतोडीची बिऱ्हाडं आली, रानात पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या. त्यांतली चार वर्षांची साक्षी अंगणवाडीत येऊ लागली. कोपीत आईचं डोकं खाणारी ही पोर अंगणवाडीच्या उंबऱ्यावर आली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. बाईंनी एकदाही "बोल की गं" म्हटलं नाही. रोज नाव घ्यायचं, तिच्याकडे बघायचं आणि पुढं जायचं. संक्रांत उलटून गेल्यावर एके दिवशी नाव घेताच साक्षी उठली आणि तिनं बाईंच्या तळहातावर एक चिंचोका ठेवला. बाई तो मला दाखवायला आल्या. लेकीचं लग्न ठरल्यासारखा चेहरा होता.

आणि मग मी माती खाल्ली. झाडाला पेरू लागले होते, ते घेऊन मी पोरांना वाटायला गेलो आणि अगदी कळवळ्यानं म्हणालो, "ह्या मुकीला दोन द्या, बिचारीला." पोरांना तेवढंच पुरलं. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती तिला मुकी म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी साक्षी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बाई माझ्याकडे आल्या, पण भांडल्या नाहीत. "आता ती येईल का न्हाई, मला ठावं न्हाई. चला," एवढंच म्हणाल्या.

वाटेत मी विचारलं, काय बोलू? "तुमचं तुमी बघा," म्हणाल्या. कोपीपुढं मी कसाबसा उकिडवा बसलो, गुडघे कुरकुरले. म्हणालो, "साक्षी, माझं चुकलं. तुझं नाव मला ठाऊक होतं, तरी मी ते घेतलं नाही." तिची आई ओशाळली. "आवो गुर्जी, लेकराची कुटं माफी मागत्यात व्हय?" साक्षी माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावून बसलो. हजेरी सुरू झाली, साक्षीचं नाव आलं, पुढं शांतता. भिंतीपलीकडून चिंचोका काही ऐकू येत नाही! शेवटी उठून खिडकीशी गेलो. बाईंची मूठ मिटलेली होती आणि साक्षी आपल्या जागेवर परत जात होती. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही. हंगाम संपून बिऱ्हाडं परत गेली तोवर ती अंगणवाडीत अवाक्षर बोलली नाही. "रोज आली ना? झालं तर," बाई म्हणाल्या.

बाई आता निवृत्त होऊन लेकीकडे गेल्यात. भिंतीपलीकडं नवी बाई आहे, चांगली आहे, पण उभ्यानं बोलते. मला मात्र दुपारी झोप लागत नाही. माझ्या वर्गात एक अडखळत बोलणारा मुलगा होता. त्याला मी तोतऱ्या म्हणायचो, वर्ग हसायचा. तो आता टेम्पो चालवतो आणि अख्खं गाव त्याला त्याच नावानं ओळखतं. काल तो स्टँडवर दिसला. जवळ जाऊन मी हाक मारली, "ज्ञानेश्वर."

कुणाला बोलावतायत म्हणून तो मागं वळून बघू लागला.