चिमणीची बस अडली

चोविसाव्या वर्षी शिवणकामाला वैतागून माझ्या लेकीने बस चालवायचं ठरवलं. मागे घेत बस लावायची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि वैद्यकीय तपासणीत अडकली. रक्तदाब एकशे साठ, शंभर.

"या वयात?" डॉक्टर हसला. "तळलेलं कमी खा, मोबाईल कमी बघा."

माझं टाळकंच सरकलं. "जन्मली तेव्हा दीड किलोची होती. ते लिहा कागदावर."

"अहो बाई, त्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे. पोटात पोषण कमी पडलं की बाळाच्या मूत्रपिंडात गाळण्या कमी घडतात, पुढे दाब वाढू शकतो, हे मी आता वाचलंय. ती पोटात असताना मी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीजवळ उभी राहून बाटल्या तपासायचे. दिवस भरत आले तरी. स्टूल मागितलं तर मुकादम म्हणाला, "बसून तडा दिसत नाही, ताई." त्याच्या बायकोला नऊ महिने उभं करायला हवं होतं!

लेक इतकीशी, म्हणून चिमणी. पुढचा मूर्खपणा आमचा. भट्टीवाल्यांचा घाम जातो म्हणून कारखाना त्यांना मिठाचं पाणी द्यायचा. ते ताकदीचं, असा आमच्या वस्तीत समज. भट्टीवर काम करणारा माझा नवरा बाटली भरून आणायचा आणि मी चिमणीला वाटी-वाटी पाजायचे. शाळेत जाईपर्यंत, रोज. वर दूध-तूप कोंबणं वेगळंच. तिचे गाल वर आले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "चिमणीची कोंबडी झाली गं!" मी फुशारले.

शाळेत उंची मोजली, दात मोजले. दंडाला रक्तदाबाचा पट्टा एकदाही कुणी बांधला नाही.

हे सगळं मी घरी ओकून टाकलं. चिमणी म्हणाली, "पाजलं तुम्ही दोघांनी आणि तू ओरडतेस डॉक्टरवर?"

"बस शिकवणारे सर म्हणत होते, तपासणीच्या सकाळी दोन गोळ्या टाकल्या की आकडा उतरतो," मी चाचरत म्हटलं.

"पन्नास माणसं मागे बसवून चक्कर येऊन पडू? तू आई आहेस की दलाल?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दवाखान्यात जाऊन रीतसर औषध सुरू केलं. फेरतपासणी तीन महिन्यांनी. तोवर बस नाही. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते. बोलू दे. तिचा राग खरा आहे. पण तो सगळा मी एकटीने अंगावर घ्यायचा, हे मला मुळीच मान्य नाही.